जठराचा कॅन्सर परत का येतो आणि तो टाळण्यासाठी काय करावं: गोव्यातल्या घरांसाठी पायरीपायरीने

जठराच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन माणूस घरी आला, की घरातल्या सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न असतो: हा परत येईल का? तोंडाने कुणी बोलत नाही. पण जेवण कमी गेलं, पोटात कळ आली, काटा अर्धा किलो खाली दिसला, की सगळे एकमेकांकडे बघतात. ज्यांना नुकताच डिस्चार्ज मिळाला आहे किंवा ज्यांचं ऑपरेशन ठरलं आहे, अशा घरांसाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. दादाचं जठर काढल्यापासून आधी त्याच्यासोबत आणि पुढे ओळखीतल्या इतरांसोबत बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) जात आले, तिथे विचारून आणि घरी वाचून जे कळलं ते क्रमाने मांडते. औषधांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

पहिली पायरी: परत येणं दोन प्रकारचं असतं, हे समजून घ्या

पहिला प्रकार जुन्याच रोगाचा. सर्जनने दिसणारी गाठ काढली, आजूबाजूच्या लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) काढल्या, तरी ऑपरेशनच्या आधीच काही पेशी तिथून निसटलेल्या असू शकतात. त्या इतक्या थोड्या आणि बारीक असतात की सीटी स्कॅनमध्ये दिसत नाहीत, सर्जनच्या हाताला लागत नाहीत. शेतातलं तण उपटलं तरी त्याचं बी मातीत राहतं, तसंच हे. या पेशी तीन वाटांनी जातात: लसिकाग्रंथींतून, रक्तातून मुख्यतः यकृताकडे, आणि गाठ जठराच्या बाहेरच्या आवरणापर्यंत पोचली असेल तर थेट पोटाच्या अस्तरावर, म्हणजे पेरिटोनियमवर. जठराच्या कॅन्सरमध्ये ही तिसरी वाट फार महत्त्वाची, कारण अस्तरावर पसरलेला रोग सुरुवातीला स्कॅनमध्येही नीट दिसत नाही. जुना रोग परत यायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत येतो.

दुसरा प्रकार नव्या रोगाचा. जठराचा काही भाग शिल्लक ठेवला असेल, किंवा अगदी सुरुवातीची गाठ एंडोस्कोपीतूनच खरवडून काढली असेल, तर उरलेल्या जठरात काही वर्षांनी नवी गाठ होऊ शकते. ज्या कारणांनी पहिली गाठ झाली ती कारणं तिथेच असतात: जुना जंतुसंसर्ग, सुजलेलं आणि झिजलेलं अस्तर, मीठ, तंबाखू.

हा फरक एवढा ठासून सांगते, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. पहिल्या प्रकाराविरुद्ध खरं काम करतात ते चांगलं ऑपरेशन आणि पूर्ण झालेली केमोथेरपी. दुसऱ्याविरुद्ध काम करतात ते जंतूचा नायनाट, खाण्यापिण्यातले बदल आणि एंडोस्कोपी. घरोघरी मात्र उलटं घडताना पाहते. केमोचे शेवटचे डोस सोडून दिले जातात आणि सगळी भिस्त कुठल्याशा काढ्यावर किंवा साखर बंद करण्यावर ठेवली जाते. निसटलेल्या पेशी काढ्याने मरत नाहीत. आणि रोग परत आलाच तर रुग्णाने काहीतरी चुकीचं खाल्लं म्हणून आला, असंही नसतं. हे घरातल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावं, विशेषतः जेवण वाढणाऱ्या बाईला बोल लावण्याआधी.

दुसरी पायरी: फाईल लावा आणि बायोप्सीचा रिपोर्ट वाचा

एक जाड फाईल घ्या. त्यात सगळ्यात वर डिस्चार्ज कार्ड, त्याखाली ऑपरेशननंतरचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट, मग स्कॅन, मग रक्ततपासण्या, तारखेप्रमाणे. प्रत्येकाची झेरॉक्स घरी वेगळी ठेवा आणि मोबाईलमध्ये फोटो काढा. पावसाळ्यात भिजलेली फाईल घेऊन ओपीडीत आलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून प्लास्टिकची पिशवी विसरू नका.

हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट हा सगळ्यात मोलाचा कागद. काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तो लिहिलेला असतो आणि रोग परतण्याचा धोका किती, याचा अंदाज त्यावरूनच बांधतात. पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून त्यातल्या या गोष्टी समजून घ्या.

'टी' पुढचा आकडा १ ते ४ असतो. गाठ जठराच्या भिंतीत किती खोल गेली ते तो सांगतो. ४ म्हणजे बाहेरच्या आवरणापर्यंत किंवा त्याच्याही पलीकडे, म्हणजे पोटाच्या अस्तरावर पेशी पडण्याचा धोका जास्त. 'एन' पुढचा आकडा किती लसिकाग्रंथींत रोग सापडला ते सांगतो. त्याच ओळीत एकूण किती ग्रंथी तपासल्या तेही लिहिलेलं असतं. किमान १६ ग्रंथी तपासलेल्या असाव्यात, नाहीतर 'एन शून्य' या उत्तरावर पुरता भरवसा ठेवता येत नाही. मग मार्जिन, म्हणजे कापलेल्या कडा. त्या स्वच्छ असतील तर 'आर शून्य', कडेला पेशी सापडल्या तर 'आर एक'. त्यानंतर रक्तवाहिन्यांत किंवा लसिकावाहिन्यांत पेशी दिसल्या का ते येतं. मग गाठीचा प्रकार: इंटेस्टायनल प्रकारचा रोग यकृताकडे जाण्याचा कल जास्त, डिफ्यूज किंवा सिग्नेट रिंग प्रकारचा पोटाच्या अस्तराकडे. शेवटी हर-टू (गाठीच्या पेशींवरचं एक प्रथिन) आणि एमएसआय (पेशींची जनुकांतल्या चुका दुरुस्त करण्याची यंत्रणा बिघडली आहे का; कुठे कुठे एमएमआर असं लिहितात) या दोन तपासण्या. त्या केल्या नसतील तर का नाही, हे नक्की विचारा. पुढे त्यांवर उपचाराची वाट ठरू शकते.

ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे त्यांनी सर्जनना दोन प्रश्न विचारावेत. 'डी-टू' पद्धतीने, म्हणजे जठराला चिकटलेल्याच नव्हे तर जवळच्या मोठ्या रक्तवाहिन्यांलगतच्याही लसिकाग्रंथी काढणार का? आणि आधी पोटाला छोटं छिद्र पाडून दुर्बिणीतून (लॅपरोस्कोपी) आत बघून, पाणी फिरवून त्यात पेशी आहेत का ते तपासणार का? दुसरी तपासणी अस्तरावर आधीच पसरलेला, स्कॅनमध्ये न दिसलेला रोग उघड करते. असे प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे, चांगले सर्जन बसवून समजावतात.

तिसरी पायरी: केमो शेवटपर्यंत न्या

या सगळ्या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं झालं तर ते हे.

वरवरची छोटी गाठ सोडली, तर आज बहुतेकांना ऑपरेशनच्या आधी आणि नंतर केमो देतात. 'फ्लॉट' नावाच्या चार औषधांच्या पद्धतीत दर दोन आठवड्यांनी एक, असे आधी चार आणि नंतर चार डोस असतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या जर्मन अभ्यासात ही पद्धत घेणाऱ्यांपैकी ४५ टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते, आधीच्या पद्धतीत ३६ टक्के. ज्यांचं ऑपरेशन आधीच झालं, त्यांना अनेकदा कॅपेसिटाबिनच्या गोळ्या आणि ऑक्झालिप्लॅटिनचं सलाईन सहा महिने देतात. कोरिया, चीन आणि तैवानमधल्या अभ्यासात नुसत्या ऑपरेशननंतर पाच वर्षं रोगाशिवाय राहणारे ५३ टक्के होते, ही केमो घेतल्यावर ६८ टक्के.

आता दुसरी बाजू. त्याच जर्मन अभ्यासात, एवढी देखरेख असूनही, सगळे डोस पूर्ण करू शकले ते निम्म्याहून कमी लोक. ऑपरेशननंतरचे डोस खरोखर कठीण असतात. वजन उतरलेलं, भूक मेलेली, हात थरथरतात. म्हणून घराने केमोचे ते महिने हेच मुख्य काम मानावं. घरातलं लग्न, शेत, दुकान, सगळं त्याभोवती बसवावं.

त्यासाठी काही अनुभवाच्या गोष्टी. ताप १००.४ फॅरनहाइटपर्यंत चढला तर पॅरासिटामोल देऊन सकाळची वाट पाहू नका, लगेच इस्पितळात. केमोत पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात आणि साधा संसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो. काणकोण, सत्तरी, पेडणे अशा लांबच्या तालुक्यांत राहत असाल तर रात्री गाडी कोण काढणार ते आधीच ठरवून ठेवा, नाहीतर १०८ ला फोन. थर्मामीटर घरात हवाच, हाताने कपाळ बघून चालत नाही.

ऑक्झालिप्लॅटिन चालू असताना थंड वस्तू सोसत नाहीत. फ्रीजमधली बाटली धरली की बोटांत झिणझिण्या, गार पाणी प्यायलं की घसा आवळल्यासारखा होतो. ते घाबरण्यासारखं नाही, पण सोलकढी फ्रीजमधली देऊ नका आणि एसी गाडीतून येताना शाल बरोबर ठेवा. झिणझिण्या दोन डोसांच्या मध्येही जात नसतील, शर्टाची बटणं लावता येत नसतील, तर डॉक्टरांना सांगा. ते डोस कमी करतील किंवा ते एक औषध थांबवून बाकीचं चालू ठेवतील.

कॅपेसिटाबिन जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यायचं. साधारणपणे १४ दिवस गोळ्या आणि ७ दिवस सुट्टी असते. तळहात-तळपाय लाल होऊन सोलू लागले, किंवा दिवसात चार-पाचदा जुलाब झाले, तर पुढची गोळी घेण्याआधी फोन करा. आणि कुणी प्रेमाने आणून दिलेलं टॉनिक डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सुरू करू नका. त्यात अनेकदा फॉलिक ॲसिड असतं आणि त्याने या गोळ्यांचा त्रास वाढू शकतो.

त्रास सांगितला तर केमो बंद करतील, या भीतीने पुष्कळ जण तो लपवतात. होतं उलटं. वेळेवर सांगितलेल्या उलटी-जुलाबावर औषध मिळतं, डोस थोडा कमी होतो आणि गाडी पुढे चालते. लपवलेला त्रास एक दिवस रुग्णाला कॅज्युअल्टीत नेतो आणि मग खरंच सगळं थांबतं.

चौथी पायरी: वजन टिकवा, कारण त्यावर केमो अवलंबून आहे

जठर काढलेल्या माणसाचं वजन उतरतंच. पहिल्या काही महिन्यांत १० ते १५ टक्के उतरणं सर्रास दिसतं. पण फार उतरलं तर केमो सोसत नाही, म्हणून इथे जेवण हा उपचाराचाच भाग आहे.

दिवसाला तीन मोठी जेवणं विसरा. सहा ते आठ छोटी, दर दोन-अडीच तासांनी, भूक असो नसो. घास बारीक, चावून चावून. पाणी जेवणासोबत नको, अर्धा तास आधी किंवा नंतर. कारण अन्न साठवणारी पिशवी आता नाही किंवा लहान झाली आहे. पातळ आणि गोड पदार्थ थेट आतड्यात घसरतात. मग जेवल्यावर लगेच पोटात कळ, घाम, धडधड, जुलाब. यालाच डंपिंग म्हणतात. एक-दोन तासांनी रक्तातली साखर खाली जाऊन चक्करही येऊ शकते. हे कॅन्सर परत आल्याचं लक्षण नाही. पहिल्यांदा झालं की घरात रडारड होते, म्हणून आधीच सांगते.

आपल्याकडे आजारी माणसाला पहिल्यांदा देतात ती पेज. उकड्या तांदळाची पेज हलकी खरी, पण तिच्यात निवळ जास्त आणि शितं कमी असतील तर तीच घसरते आणि पोटही भरल्यासारखं वाटतं. म्हणून घट्ट पेज, निवळ काढून, सोबत अंडं किंवा उकडलेलं मासं. मुडदुशी आणि लेपो पचायला हलके, काटा काढून दिले तर उत्तम. बांगडा आणि तारले सोसू लागले की जरूर द्या. तेल-मसाला कमी ठेवून केलेली मूगगाठी, पनीर, सोसेल तर दही. नाचण्याचं सत्त्व चांगलं, पण गुळाने गोडमिट्ट केलेलं नको, त्याने डंपिंग होतं. ताकात शिजवून मीठ-जिऱ्याचं करा. हुमणात नारळाचा रस जड जात असेल तर काही आठवडे पातळ करा, कायमचं बंद करण्याची गरज नाही.

साखर खाल्ली की कॅन्सर वाढतो, म्हणून भात आणि फळं बंद केलेली घरं मी पाहिली आहेत. डंपिंग टाळायला गोड आवरणं वेगळं, आणि कॅन्सरला उपाशी मारायच्या नादात माणसालाच उपाशी ठेवणं वेगळं. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी, वजन वहीत लिहा. सलग उतरत असेल तर आहारतज्ज्ञांकडे पाठवायला सांगा.

जेवल्यावर थोडं चालणं सुरू करा. दारापासून रस्त्यापर्यंत, मग देवळापर्यंत. हात-पायांत ताकद राहिली तर पुढचा डोस सोसतो.

पाचवी पायरी: बी-ट्वेल्व्ह

जठर पूर्ण काढलं असेल तर बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व अन्नातून शोषलं जात नाही. त्यासाठी लागणारा घटक जठरातच तयार होतो. म्हणून इंजेक्शन जन्मभर, डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे महिन्याला किंवा तीन महिन्यांनी. यकृतात जुना साठा असतो, त्यामुळे इंजेक्शन सोडलं तरी वर्ष-दोन वर्षं काहीच जाणवत नाही आणि माणसाला वाटतं, गरजच नव्हती. मग पायांना मुंग्या, तोल जाणं, विसराळूपणा, रक्त कमी होणं. ऑक्झालिप्लॅटिननेही मुंग्या येतात, त्यामुळे केमोचाच त्रास असेल म्हणून हे दुर्लक्षित राहतं. मुंग्या नव्याने आल्या किंवा वाढल्या तर बी-ट्वेल्व्ह तपासून घ्या. लोह, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डीचीही वर्षातून एकदा चौकशी व्हावी, कारण जठर नसलेल्यांची हाडं लवकर ठिसूळ होतात.

सहावी पायरी: जठर शिल्लक असेल तर एच. पायलोरी शोधा आणि मारा

जठराच्या अस्तरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू १९८२ साली ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी शोधला. दोघांना २००५ मध्ये नोबेल मिळालं. १९९४ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला कॅन्सर घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. आपल्या देशात हा संसर्ग अतिशय सामान्य आहे आणि बहुतेकांना त्याचा काहीच त्रास होत नाही. पण ज्यांना एकदा कॅन्सर झाला आणि जठर शिल्लक आहे, त्यांच्यासाठी गोष्ट वेगळी. सुरुवातीची गाठ एंडोस्कोपीतून काढलेल्या कोरियातल्या रुग्णांवरचा अभ्यास २०१८ मध्ये आला. जंतू मारण्याचं औषध घेतलेल्यांत नवी गाठ ७.२ टक्के लोकांना झाली, न घेतलेल्यांत १३.४ टक्के. जवळजवळ निम्मा फरक, आणि तोही दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी होऊ शकतो.

तपासणी शौचाच्या नमुन्यावर, श्वासाची, किंवा एंडोस्कोपीत घेतलेल्या तुकड्यावर होते. तपासणीच्या दोन आठवडे आधी ॲसिडिटीच्या गोळ्या (पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल) आणि चार आठवडे आधी अँटिबायोटिक्स बंद असावी लागतात, नाहीतर जंतू असूनही उत्तर 'नाही' येतं. मात्र गोळ्या आपल्या मनाने थांबवू नका, विचारून थांबवा. औषधाचा कोर्स बहुतेकदा १४ दिवसांचा, तोंड कडू करणारा. तो अर्धवट सोडला तर उरलेला जंतू त्या औषधाला पुढे दाद देत नाही. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा तपासून जंतू गेल्याची खात्री करून घ्यायची, आणि हीच पायरी सगळे विसरतात.

जठर पूर्ण काढलं असेल तर रुग्णासाठी ही पायरी नाही. घरच्यांसाठी आहे, तिच्याबद्दल पुढे लिहिते.

सातवी पायरी: मीठ, चोरीस, फेणी, तंबाखू

पुरुमेंताचे दिवस हे गोव्याच्या घरांचे लाडके दिवस. मे महिन्यात मडगावला होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताला आगोटीचं सामान घ्यायला हिंदू घरंही जातात. सुके बांगडे, सुकटं, मिठात मुरवलेल्या कैऱ्या, लोणची, चोरीस. पावसात समुद्र बंद, म्हणून ही साठवण. पण मिठात टिकवलेलं अन्न आणि जठराचा कॅन्सर यांचा संबंध पूर्व आशियातल्या अभ्यासांत, खारवलेल्या माशांवर आणि भाज्यांवर, पुन्हा पुन्हा दिसला आहे. जास्त मीठ अस्तराला इजा करतं आणि एच. पायलोरीला काम सोपं करून देतं. जठर शिल्लक असलेल्या माणसाने म्हणून खारं मासं रोजच्या पेजेतून काढावं. सणावारी एखादा तुकडा, पाण्यात नीट भिजवून, ते पाणी टाकून. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट एक चमचा, सगळ्या पदार्थांतलं मिळून. चोरीस आणि हॅम यांसारखं प्रक्रिया केलेलं मांस २०१५ पासून कॅन्सर घडवणाऱ्या पहिल्या गटात आहे, मुख्यतः मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमुळे, पण जठराशीही त्याचा संबंध दिसतो.

फेणी आणि उर्राक, दोन्ही बंद. जठर कापलेल्या माणसाच्या रक्तात दारू फार वेगाने चढते, जुना एक पेग आता दोनासारखा लागतो, आणि यकृताला केमोचं काम आधीच पुष्कळ आहे. 'काजूची शुद्ध आहे, औषधी आहे' असं सांगणाऱ्या काकांचं ऐकू नका. बिडी-सिगारेट आणि तंबाखू पूर्ण बंद, याच आठवड्यात. एकट्याने जमत नसेल तर इस्पितळात मदत मागा, निकोटिनच्या गोळ्या मिळतात.

आठवी पायरी: तपासण्या ठेवा, पण घाबरून वाढवू नका

साधारण नियम असा: पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी भेट, पाचव्या वर्षापर्यंत सहा ते बारा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. सीटी स्कॅन पहिली दोन वर्षं सहा ते बारा महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा, पाच वर्षांपर्यंत. जठर शिल्लक असेल तर एंडोस्कोपी डॉक्टर ठरवतील तशी. सीईए आणि सीए १९-९ या रक्ततपासण्या कुणी करतात, कुणी नाही. त्या एकट्यावरून निष्कर्ष काढू नका.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. लक्षणं नसताना वारंवार स्कॅन करून रोग थोडा आधी सापडला म्हणून आयुष्य वाढतं, असं सिद्ध झालेलं नाही. म्हणून दर महिन्याला खासगीत पेट स्कॅनवर हजारो रुपये घालू नका. सिग्नेट रिंग प्रकार तर पेट स्कॅनमध्ये अनेकदा दिसतच नाही. ते पैसे अंडी, मासे, प्रवास आणि औषधं यांवर घाला.

पुढची तारीख लांब असली तरी या गोष्टी झाल्या तर थांबायचं नाही: सुधारलेलं वजन पुन्हा सलग उतरू लागणं, घास अडकणं, रोज उलट्या, काळी डांबरासारखी शौच (लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, ते डॉक्टरांना सांगा), पोट फुगून पाणी भरल्यासारखं होणं, डोळे पिवळे होणं, डाव्या गळपट्टीच्या हाडावर किंवा बेंबीत गाठ, न थांबणारी पाठदुखी. बायकांमध्ये ओटीपोटात नवी गाठ वा जडपणा, कारण हा रोग अंडाशयावर उतरू शकतो. या यादीची एक प्रत फ्रीजवर चिकटवा.

नववी पायरी: पैसे आणि प्रवास

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड काढलेलं असेल तर त्याचं नूतनीकरण वेळेवर करा. २०१६ साली सुरू झालेल्या या योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला ४ लाखांचं छत्र ठेवलं होतं. केमोच्या मध्यावर कार्डाची मुदत संपली की धावपळ होते, म्हणून मुदतीची तारीख फाईलच्या पहिल्या पानावर लिहा. सिंधुदुर्गातून, सावंतवाडी-दोडामार्गाकडून बांबोळीला येणाऱ्यांनी आपल्या कार्डावर तिथे काय मिळतं ते पहिल्याच दिवशी काउंटरवर विचारावं. दुसऱ्या मतासाठी मुंबईला परळच्या टाटा मेमोरियलला जायचं झालं तर रिपोर्टांसोबत बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) आणि स्लाइड घेऊन जा, तिथले पॅथॉलॉजिस्ट पुन्हा बघतात. रेल्वेत कर्करोग रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला उपचारासाठीच्या प्रवासात भाड्याची सवलत आहे. त्याचा फॉर्म डॉक्टरांकडून सही-शिक्क्यासह भरून घ्यायचा.

दहावी पायरी: भावंडं आणि मुलं

रुग्णाची सख्खी भावंडं, मुलं आणि आई-वडील यांनी एच. पायलोरीची तपासणी करून घ्यावी आणि सापडला तर औषध घ्यावं. रुग्णांच्या सख्ख्या नातेवाइकांवरचा कोरियातला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला: औषध घेतलेल्या गटात जठराचा कॅन्सर १.२ टक्के, न घेतलेल्यांत २.७ टक्के. दादाच्या आजारानंतर आमच्या घरी सगळ्यांनी तपासून घेतलं. धाकटी काकू कुरकुरली, पण तिलाच निघाला.

घरात पन्नाशीच्या आत कुणाला डिफ्यूज प्रकारचा जठराचा कॅन्सर झाला असेल, किंवा जठराचा आणि लोब्युलर प्रकारचा स्तनाचा कॅन्सर एकाच कुटुंबात असेल, तर सीडीएच-वन नावाच्या जनुकातला दोष वारशाने चालत असू शकतो. अशा घरांनी जनुकीय समुपदेशन मागावं. लग्न जमण्यात अडचण येईल म्हणून हे लपवणारी कुटुंबं आहेत. लपवून मुलांचा धोका कमी होत नाही, फक्त वेळेवर तपासण्याची संधी जाते.

आणि परत आलाच तर

तर पहिलं काम रोग कुठे आला ते नक्की करणं, शक्य असेल तिथे पुन्हा तुकडा घेऊन. उरलेल्या जठरातली नवी गाठ लवकर सापडली तर पुन्हा ऑपरेशन किंवा एंडोस्कोपीतून काढता येते आणि पूर्ण बरं होण्याची आशा असते. जुना रोग यकृतात वा अस्तरावर परतला असेल तर बहुतेक वेळा तो मुळातून जात नाही, पण केमोने आटोक्यात ठेवता येतो. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर केमोला ट्रॅस्टुझुमॅब हे औषध जोडता येतं. एमएसआय हाय असेल तर इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध जागवणाऱ्या औषधांचा, चांगला उपयोग होऊ शकतो. ती महाग आहे, म्हणून कुठल्या योजनेत किती बसते ते सुरू करण्याआधी लिहून घ्या.

वेदना आणि उलट्या यांसाठी पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांना पहिल्या दिवसापासून जोडून घ्या. ते केमोसोबतही चालतं, केमो बंद झाल्यावरच जायचं असतं असं नाही. आणि हर-टू, एमएसआय तपासणी पूर्वी झाली नसेल तर ऑपरेशन झालं त्या इस्पितळाच्या पॅथॉलॉजी विभागात ब्लॉकसाठी अर्ज आजच द्या. जुना ब्लॉक शोधून काढायला वेळ लागतो आणि त्याच्या उत्तरावर पहिला डोस ठरतो.